मंगळवारची फेरी

बैत अल-कर्न,
१२ नोव्हेंबर

कायद, माझ्या भावा,

तुला सलाम. आईने आशीर्वाद सांगितले आहेत. तिला शेजारी बसवूनच लिहायला घेतलं होतं, पण दोन ओळी होईपर्यंत तिला डुलकी लागली. गुडघे सोडले तर तिचं बरं चाललंय. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आपल्या ड्रायव्हर मुर्शिदच्या मेव्हण्याचा ट्रक उद्या सकाळी मारिबला निघतोय. तो म्हणाला, “चिठ्ठी द्या, भट्टीवर जाऊन त्याच्या हातात ठेवतो.” तू पावाच्या भट्टीवर आहेस हेसुद्धा मला त्याच्याकडूनच कळलं.

यंदा कॉफी बरी आली. डोंगरातल्या पायऱ्यांच्या शेतात वरची झाडं पाण्यावाचून गेली, पण खालची लगडली होती. मी आणि नाजीमामाने तोडणी उरकली. आई गच्चीवर फळं वाळत घालते आणि दिवसभर कोंबड्यांना शिव्या देते. मामाचा डावा डोळा जवळजवळ गेलाच, तरी कमरेला जंबिया खोचून ऐटीत माझ्याबरोबर दवाखान्याच्या गाडीत बसतो. परवा चौकीवरचा पोऱ्या त्याला म्हणाला, “हाजी, तू हिला सांभाळतोस की ही तुला?” मामा म्हणाला, “ही मला सांभाळते, मी गाडी सांभाळतो, आणि तुला अल्ला सांभाळो.” हसत सोडलं त्यांनी.

गाडी तीच आहे. मागचं दार अजून दोरीने बांधावं लागतं. मुर्शिदच्या मते ही गाडी रस्त्यावर चालत नाही, आईच्या दुव्यावर चालते. गेल्या महिन्यात एकवीस बाळंतिणी पाहिल्या. एकीला दुधाच्या गाठी झाल्या होत्या, एका बाळाच्या नाळेत पू झाला होता. तो मुलगा वाचला. बाकी नेहमीचंच, रक्त कमी, झोप नाही, आणि प्रत्येक सासू मला सांगणार की आम्हाला कुठे कोण तपासत होतं, आम्ही काय मेलो?

आता माझ्या लग्नाच्या मागणीचं. आईचा निरोप तुला पोचला आणि तुझा होकारही आम्हाला मिळाला. ट्रकवाल्याने आईसमोर उभं राहून तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. “तिला सांगा मी राजी आहे. कागद लागला तर सही करून पाठवतो. माझ्यामुळे तिचं काही अडू नये.” आणि तू पाठवलेली हिरवी शाल दिली. आई ती शाल पांघरून रडत बसली. मी आत जाऊन भांडी घासली.

मागणी कशी आली ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. जलीला गेली त्याला जानेवारीत वर्ष होईल. तिची मुलगी दहा महिन्यांची झाली. दर महिन्याला तिची सासू तुहफामावशी नातीला गाडीपाशी आणते, मी तिला झोळीच्या काट्यात घालून वजन करते, दंडाला मोजपट्टी लावते. पोर माझ्या हातावर रडत नाही. तेवढ्यावरून मावशीच्या मनात आलं असावं. मनुका आणि मध घेऊन ती स्वतः आली. आईला म्हणाली, “माझ्या हिजामला दुसरं लग्न करायचं नव्हतं, पण पोरीला आई हवी. आणि वहीबाला काय, देवाने मूल दिलं नाही म्हणून त्या लोकांनी परत पाठवली, इथे तिला मूल आयतंच मिळेल.” ती अशीच बोलते, तुला माहीतच आहे. मला राग आला नाही. खरं सांगू? मला आनंद झाला. सात वर्षांनी मला कुणीतरी मागितलं होतं.

निघताना दारात थांबून ती म्हणाली, “एकच बोलते. कायद आमच्या उंबऱ्यावर यायचा नाही. त्याचं तोंड माझ्या मुलाला दिसायला नको.”

आई खाली बघत राहिली. मी मनुका आणि मध आत नेऊन ठेवला.

आणखी लिहायचं होतं, पण मुर्शिद खालून हाका मारतोय. थंडीचं जप. मारिबला वाळूत फार गारठा पडतो म्हणतात.

तुझी बहीण
वहीबा


बैत अल-कर्न,
२६ नोव्हेंबर

कायद,

तुला सलाम. आईला या पत्राची खबर नाही. ती शेजारी असती तर मला लिहिता आलं नसतं.

मागच्या पत्रात खोटं काही नव्हतं, पण जे लिहायला बसले होते ते मी लिहिलं नाही. तुझी शाल घरात आल्यापासून मला जेवण जात नाही. लग्नाची तारीख ठरवायला तुहफामावशी येत्या गुरुवारी बोलावते आहे. त्याआधी हे तुझ्याकडे पोचायला हवं.

जानेवारीतल्या त्या आठवड्याचं तुला अर्धंच माहीत आहे.

जलीला गुरुवारी बाळंत झाली. दीड दिवस कळा, सासूच्याच हातून. आपली गाडी रविवारी त्यांच्या वस्तीवर गेली, तू नेहमीसारखा खाली मुर्शिदजवळ बसला होतास. मी वर गेले. तिला ताप होता, फार नव्हे. पोटावर हात ठेवला तशी ती कळवळली. अंगावरून जात होतं त्याला वास येत होता. मला तेव्हाच वाटलं होतं, हिला आत्ता खाली न्यावं, जिल्ह्याच्या इस्पितळात. तुहफामावशी म्हणाली, “सातव्या दिवसाच्या पाहुण्यांना आवतण गेलंय. बाळंतिणीला घराबाहेर काढून मी लोकांना काय दाखवू, रिकामी खाट?” मी वाद घातला नाही. गोळ्या दिल्या आणि शब्द दिला. माझे शब्द मला पाठ आहेत. “मंगळवारी मी येते. ताप तसाच असला तर माझ्याच गाडीतून नेईन. तोवर हलवू नका, मी येईपर्यंत थांबा.”

मी येईपर्यंत थांबा, असं मी म्हटलं होतं, कायद. त्या वस्तीवर फोन लागत नाही. ते थांबले.

सोमवारी संध्याकाळी कातची पानं चघळत बसणाऱ्यांच्या बैठकीवरून तू आलास तेव्हाच तुझा चेहरा उतरला होता. तुला काय म्हणाले ते मला नंतर समजलं. “सुईणीला नवरा नाही, पण पिशवी धरायला भाऊ आहे.” आणि सगळे हसले. मंगळवारी सकाळी तू म्हणालास, “आज मी येत नाही. दीड वर्ष गाडीच्या सावलीत बसून बायकांच्या चपला राखतोय. खाणीवर काम मिळतंय, मी तिकडे जातो.” चौकीवर बाईबरोबर घरचा पुरुष नसला तर गाडी परत फिरवतात हे तुला ठाऊक होतं. मी हात जोडून सांगायला हवं होतं की वर एक बाळंतीण तापाने पडली आहे. मी ते सांगितलंच नाही. मी म्हणाले, “जा की. चौकीवर माझा भाऊ म्हणून तुझं नाव विचारतात तरी. एरवी तुझं नाव विचारतं कोण?”

तू आतल्या खोलीत गेलास आणि भिंतीकडे तोंड करून पांघरूण ओढून घेतलंस.

इथवर तुला माहीत आहे. आता पुढचं.

आईने शेजारच्या पोरीला मामाकडे पिटाळलं होतं. सात वाजता मामा वरच्या वाटेने आला. दाढी केलेली, चांगला कोट घातलेला, ओळखपत्र हातात. म्हणाला, “चल वहीबा. मी तुझा मामा आहे, चौकीवर मीही चालतो.” आई मागे चुलीशी होती, तिच्यापर्यंत आवाज गेला नाही. मुर्शिद खाली विहिरीपाशी हॉर्न वाजवत होता.

मी मामाला दारातून परत पाठवलं.

मी म्हणाले, “नको. कायदच येईल. त्यालाच यावं लागेल.”

मामा म्हणाला, “आणि नाही आला तर?”

मी म्हणाले, “नाही आला तर गावाला कळू दे तो कसा आहे.”

मामाने ओळखपत्र खिशात घातलं. मग म्हणाला, “पोरी, तुझ्या कामाचं तुला कळतं,” आणि गेला. त्याला वाटलं असेल तसं तातडीचं काही नसेल. मला मात्र माहीत होतं. मंगळवारी मला जायचंच होतं, पण त्याहून जास्त मला हवं होतं की तू पांघरूण फेकून उठावंस, खाली मान घालून माझ्या मागे चालावंस. मी नऊपर्यंत वाट पाहिली. तू उठला नाहीस. मुर्शिद लस टोचणाऱ्याला घेऊन गेला. तो पुरुष, त्याला आत कोण घेणार? त्याने दारातून सांगितलं, “सुईण उद्या येईल.”

दुसऱ्या दिवशी तू खाणीवर गेलास आणि मामा डोळ्यासाठी पहाटेच महवीतला निघून गेला होता. बुधवारी माझ्याजवळ खरंच कुणी नव्हतं. बुधवारची मी कुणालाही शपथ घेऊन सांगेन.

गुरुवारी मामाला घेऊन गेले. सातवा दिवस होता. खोलीत पाहुण्या दाटीवाटीने बसलेल्या, धूप इतका की डोळे झोंबत होते. उंच खाटेवर जलीलाला नटवून बसवलेली. डोळ्यांत काजळ, कपाळावर फुलांचा पट्टा, पाठीशी तीन उशा. बायका मेथीचं कालवण खात होत्या, गाणं म्हणत होत्या. मी जवळ गेले तेव्हा तिचे दात वाजत होते. हात लावला तर भट्टी. त्या धुपाखाली जो वास होता तो मी एकटीने ओळखला. मी ओरडले, “गाणं बंद करा!” तुहफामावशी म्हणाली, “थंडी भरलीय तिला, मी दोन घोंगड्या दिल्या.”

हिजामने तिला पाठुंगळीला घेऊन खाली आणलं. गाडीत मी सलाईन लावलं, मुर्शिदने गाडी अशी मारली की दोरी तुटून मागचं दार आपटत राहिलं. बाळ मामाच्या मांडीवर होतं. जलीला शुद्धीवर होती. मला म्हणाली, “मंगळवारी तू आजारी होतीस ना? मी सासूबाईंना म्हटलंच, ती आजारी असणार, नाहीतर वहीबा आल्याशिवाय राहायची नाही.”

मी म्हणाले, “हो.”

इस्पितळ दिसायला लागलं होतं तेव्हा ती गेली. बावीस वर्षांची होती. तिच्या काजळाचे ओघळ मी माझ्या ओढणीने पुसले.

मातमाच्या तिसऱ्या दिवशी हिजामने मला अंगणात थांबवून विचारलं, “मंगळवारी तुम्ही का आला नाहीत?”

मी म्हणाले, “भाऊ आला नाही.”

त्या तीन शब्दांचं पुढे काय झालं ते तूच भोगलंस. मशिदीत तुझ्या सलामाला उत्तर मिळेना, खाणीवरून तुला काढलं, आपल्या दाराला कुणीतरी बायकांचा बुरखा टांगून गेलं. आईने तो उतरवला तेव्हा तू ओट्यावर बसला होतास. मी आत होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. पंधरा दिवसांनी तू कुणाला न सांगता निघून गेलास आणि मी गाडीवर जात राहिले. बायका माझा हात धरून म्हणायच्या, “बिचारी, भावाने कशी मान खाली घालायला लावली.” मी ते ऐकून घेतलं. दहा महिने ऐकून घेतलं. तुहफामावशी पोरीला काट्यात घालताना तुला शाप द्यायची आणि मी वजन लिहायची.

मामाने एकदाच विचारलं, “तू सांगणार आहेस ना?” मी म्हणाले, “सांगेन.” नंतर त्याने विचारलं नाही. मीच त्याच्यासमोर जायचं टाळते, गाडीतसुद्धा खिडकीबाहेर बघते.

एक विचारायचं होतं पण धीर होत नाही. त्या सकाळी तू आतल्या खोलीत होतास. मी आणि मामा दारात बोलत होतो, मधे नुसता पडदा होता. तुला ऐकू गेलं का? गेलं नसेल तर हे सगळं तुला आज कळतंय. गेलं असेल तर...

तूही आला नाहीस, कायद. ते मी पुसत नाही, ते तुझ्याकडे राहू दे. पण तू आला नाहीस म्हणून जलीला गेली नाही. मामा दारात आला होता.

गुरुवारी मी त्यांच्या घरी जाईन, आणि तारीख ठरवायला नाही. मामाला बरोबर यायला सांगितलंय. तो नुसता “बरं” म्हणाला.

वहीबा


बैत अल-कर्न,
११ डिसेंबर

कायद, माझ्या लाडक्या भावा,

तुला सलाम. आई बरी आहे. काल ट्रकवाला परत आला. म्हणाला, तू भट्टीच्या मागे पोत्यावर बसून पत्र वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि “सांगा तिला, मला ऐकू आलं होतं” एवढंच बोलून कामाला लागलास.

कालपासून मी पुन्हापुन्हा लिहायला बसते आणि उठते. त्यावर मी काय लिहू? तू गावातून जाताना ते सांगू शकला असतास. होकार पाठवताना सांगू शकला असतास. मी तुझं नाव कुणी विचारत नाही म्हणाले होते, आणि तू माझं नाव जपत बसलास. माफी मागायला मला शब्द सुचत नाहीत, म्हणून काय घडलं तेच लिहिते.

गुरुवारी आम्ही गेलो. तुहफामावशीने किशर, म्हणजे कॉफीच्या टरफलांचा काढा, उकळून ठेवला होता, वर आलं घातलेलं, दोन शेजारणींनाही बोलावलं होतं. हिजाम पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. मी बसलेच नाही. उभ्यानेच सांगितलं, रविवारपासून गुरुवारपर्यंत सगळं. गाडीत जलीलाने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. मामा म्हणाला, “मी दारात होतो. खरं आहे. आणि मी गप्प राहिलो, तेही खरं आहे.”

हिजामने विचारलं, “मामा किती वाजता आले होते?”

“सात.”

तो म्हणाला, “मंगळवारी दुपारपर्यंत ती चांगली बोलत होती. खिडकीशी खाट ओढून घेतली होती. खालून कुठलीही गाडी गेली की म्हणायची, आली.”

मग तो पोरीला घेऊन आत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तुहफामावशी रडली नाही. चुलीपुढे बसून राहिली, म्हणाली, “मी माझ्या हाताने तिला काजळ घातलं. तिचे डोळे असे चढलेले, आणि मी म्हणतेय, इकडे बघ, रेघ वाकडी होईल.” मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले. ती म्हणाली, “नको. तू मला पुन्हा हात लावू नकोस. पोरीलाही नाही.” शेजारणींनी माझी पादत्राणं दाराबाहेर नेऊन ठेवली.

लग्न मोडलं हे लिहायला नकोच. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात भाकरी टाकून म्हणाली, “माझा मुलगा मी घालवला असं मला वाटत होतं. तू घालवलास.” आणि मग स्वतःच उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दोन्ही एकाच दिवशी.

शुक्रवारी नमाजानंतर हिजाम उभा राहिला. मामाने येऊन सांगितलं. तो म्हणाला, “कायदबद्दल मी जे बोललो ते परत घेतो. तो आला नाही, तेवढं त्याचं. माझ्या बायकोचं मरण त्याच्यावर नाही.” माझं नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, संध्याकाळपर्यंत विहिरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. बैठकीतले ते हसणारे लोक आता तुझं नाव निघालं की कातची पानं निवडत बसतात म्हणे.

गाडी चालू आहे. महवीतच्या डॉक्टरीणबाईंना मी सगळं लिहून दिलं, कारण त्या मंगळवारच्या नोंदीत “सोबत पुरुष नाही, फेरी रद्द” असं माझंच अक्षर आहे. त्या म्हणाल्या, “तुला काढू का नको ते मला कळत नाही. काढलं तर या डोंगरावर दुसरी सुईण यायला तयार नाही.” म्हणून मी आहे. पण त्या वस्तीवरच्या बायका मी आले की दार लावून घेतात. गेल्या सोमवारी तिथे एक पहिलटकरीण होती, चार दिवसांची बाळंतीण. मी अंगणातून ओरडून विचारत होते, ताप आहे का, पोट दुखतं का, बाळ दूध ओढतं का? आतून तिची सासू हो-नाही करत होती. थर्मामीटर मी उंबऱ्यावर ठेवला आणि मागे सरकले. तो आत नेला, बाहेर आणून ठेवला. ताप नव्हता. मी तिथेच मातीत बसले.

जलीलाच्या मुलीचं वजन करायचा दिवस होता तो. तुहफामावशी तिला घेऊन आली नाही. मग मुर्शिदने काटा आणि झोळी उचलली आणि वर चढून गेला. गाडी चालवणारा माणूस, त्याला काय ठाऊक? मी खाली मामाशेजारी बसून होते. बऱ्याच वेळाने वरून त्याची हाक आली, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी, “सात किलो आठशे! ऐकलंस का? लाथा मारतेय, काटा हलतोय, पण आठशे!” मी लिहून घेतलं.

तू ये असं मी म्हणत नाही. तो हक्क मी घालवला. आईला वाटतं तू यावंस, म्हणून तिच्या वतीने लिहिते. आलास तर मान वर करून ये, गावात आता कुणी काही म्हणणार नाही. माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. भाकरी मी करून ठेवीन आणि शेतावर जाईन.

जलीलाला थांबायला सांगून स्वतः घरी बसलेली,
तुझी बहीण,
वहीबा